१८७८चा शस्त्र कायदा: बंदुका गेल्या म्हणून देश पारतंत्र्यात राहिला का?

१/ स्वातंत्र्यलढ्याची चर्चा सुरू झाली की एक विधान हमखास पुढे येते: इंग्रजांनी १८७८ मध्ये जनतेची शस्त्रे काढून घेतली, म्हणून देश आणखी सत्तर वर्षे पारतंत्र्यात राहिला. हे विधान अर्धे खरे आहे. उरलेला अर्धा भाग मात्र क्रांती कशी घडते याविषयीच गैरसमज पसरवतो.

२/ प्रारंभ १८५७ पासून करावा लागतो. १० मे रोजी मेरठच्या छावणीत जे उठले, त्यांच्या हाती चोरून आणलेली शस्त्रे नव्हती. त्यांना बंदुका कंपनी सरकारने दिल्या होत्या. कवायतही सरकारनेच शिकवली होती. साम्राज्याला हादरवणारा उठाव प्रथम सरकारच्याच पलटणींतून झाला.

३/ उठाव मोडल्यावर सरकारने दोन उपाय योजले. पहिला जनतेसाठी: अवधमध्ये गढ्या पाडल्या गेल्या, शस्त्रे जप्त झाली, १८६० मध्ये कायदाही आला. दुसरा सैन्यासाठी: युरोपीय शिपायांचे प्रमाण वाढवले आणि बहुतांश तोफखाना त्यांच्याच हाती ठेवला. इतिहासात चर्चा पहिल्याची अधिक होते. राज्य टिकले ते मुख्यतः दुसऱ्यामुळे.

४/ १८७८चा कायदा लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपीयांना मात्र सूट मिळाली. खरा अपमान या भेदभावात होता. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने कायद्यात बदल मागितला, तो याच पार्श्वभूमीवर.

५/ या कायद्याने उठाव थांबले का? दुसऱ्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे परिसरात बंड पुकारले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी पुण्यात रँडवर गोळी झाडली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकमध्ये अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनचा वध केला. ते पिस्तूल सावरकरांनी लंडनहून धाडलेल्यांपैकी होते.

६/ म्हणजे निश्चय असलेल्यांना शस्त्र मिळत होते. मात्र ते मोजके, महाग आणि चोरवाटेने येणारे असल्याने कट लहानच राहिले. एवढे यश कायद्याच्या पदरी घालावे लागते. तरीही प्रश्न उरतो: शस्त्रे मुबलक असती, तर राज्य कोसळले असते का?

७/ १९३० चा एप्रिल महिना याचे उत्तर देतो. १८ एप्रिलला सूर्य सेन यांच्या सहकाऱ्यांनी चितगावची शस्त्रागारे ताब्यात घेतली. रायफली मिळाल्या, त्यांची काडतुसे सापडली नाहीत. चार दिवसांनी जलालाबादच्या टेकडीवर सैन्याने त्यांना गाठले. त्यांचे शौर्य असामान्य होते. पण समोरचे सैन्य सरकारच्या आज्ञेत होते.

८/ दुसऱ्याच दिवशी, २३ एप्रिलला, पेशावरमध्ये खान अब्दुल गफार खान यांच्या अटकेनंतर जमाव रस्त्यावर आला. सरहद्दीवर बंदुकांची वाण नव्हती. तरी हा जमाव निःशस्त्र होता. गोळीबारात अनेकांचे बळी गेले. मात्र चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्रांवर गोळी झाडण्यास नकार दिला. त्यांना कठोर शिक्षा झाल्या. पण शहर काही दिवस सरकारच्या हातून निसटले.

९/ १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नाविक केंद्रावर खलाशांनी बंड केले. ते कराचीपर्यंत पसरले. सुमारे २० हजार खलाशी त्यात उतरले. पुन्हा तेच: शस्त्र सरकारचे, हात सरकारी नोकराचे, निष्ठा मात्र बदललेली. शस्त्र कायदा या बंडाला रोखूच शकत नव्हता.

१०/ १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने मूलभूत हक्कांमध्ये नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदवला. १९४८ मध्ये ह. वि. कामथ यांनी तो संविधानात घालण्याची दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला: परक्या सत्तेखाली ती मागणी स्वाभाविक होती, पण कोणीही वाटेल ते शस्त्र विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा? दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानाने सभेचे स्वातंत्र्य दिले, ते शांततेने आणि विनाशस्त्र.

११/ या भूमिकेत विसंगती नाही. १८७८चा कायदा अन्याय्य होता, कारण तो माणसाचा वंश पाहत असे आणि ज्यांच्यावर लादला गेला त्यांना तो बदलण्याचा अधिकार नव्हता. परवाना पद्धत १९५९ च्या कायद्यातही आहे. पण तो कायदा जनतेच्या प्रतिनिधींनी केला आणि जनता तो बदलू शकते.

१२/ म्हणून ‘बंदूक घरात असती तर’ हा प्रश्न इतिहासाला विचारण्यात फारसे हशील नाही. सत्ता डळमळली ती बंदूक धरणाऱ्याने आज्ञा मानण्याचे नाकारले तेव्हा. मेरठ, पेशावर आणि मुंबई यांना जोडणारा धागा हाच आहे.