मोकळ्या हवेचा सिद्धान्त

आमच्या सुशिक्षित वर्गांत गेल्या कांहीं वर्षांत एक चाल पडत चालली आहे. तिच्याविषयीं स्पष्ट लिहिण्याची वेळ आली आहे असें आम्हांस वाटतें. चाल अशी: पुण्यांतील किंवा मुंबईंतील एखाद्या कुटुंबास परदेशगमनाचा योग येतो. यजमानास जर्मनींत किंवा अमेरिकेंत नोकरी लागते. वर्षभर आधींपासून तयारी चालते. मुलांच्या शाळांचे दाखले, पत्नीच्या पदवीचीं प्रमाणपत्रें, व्हिसा, दंतवैद्य, जादा चष्मे, देवघरांतील टांक, सगळ्यांचा विचार होतो. थालीपिठाची भाजणी विमानांतून नेतां येते कीं नाहीं याची चौकशी तीन तीन ठिकाणीं होते. घरांत आठ वर्षें वाढलेलें कुत्रें मात्र प्रस्थानास पंधरा दिवस उरले म्हणजे कोणाच्या तरी ध्यानांत येतें. जेथें विचारावें तेथून "आतां उशीर झाला" असें उत्तर मिळतें. मग घरांतील सर्वांत समजूतदार गणला गेलेला मनुष्य निकाल देतो: "लोणावळ्याच्या बंगल्यावर ठेवूं. तेथें मोकळी हवा आहे, माळी आहे. इकडल्या फ्लॅटपेक्षां त्याला तेंच बरें."

या मोकळ्या हवेच्या सिद्धान्ताचें परीक्षण करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ज्यांस बंगला नाहीं ते मित्राचा बंगला शोधतात. ज्यांस तसा मित्रहि नाहीं ते रात्रीं घाटरस्त्यावर गाडी थांबवून दार उघडतात. या शेवटल्यांशीं आमचा वाद नाहीं, कारण ते कोणताहि सिद्धान्त सांगत नाहींत. आमचा वाद सज्जनांशीं आहे.

प्रथम हवेचेंच पाहूं. लोणावळें समुद्रसपाटीपासून सहाशें मीटरांहून कांहींसें अधिक उंचीवर, ऐन घाटमाथ्यावर वसलेलें गांव. तेथें वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या पांचपटीहून अधिक, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत तुंगार्लीच्या आणि वळवणच्या बंगल्यांच्या भिंती पाझरतात, कपडे वाळत नाहींत, कपाटांतल्या जोड्यांवर बुरशी चढते. मालक मंडळी शनिवारीं येतात, भजीं खातात, भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजतात आणि रविवारीं रात्रीं कोरड्या घरीं परत जातात. त्यांनीं अनुभविलेली मोकळी हवा ही छत्तीस तासांची असते. उरलेल्या दिवसांत दाट केसांच्या कुत्र्याच्या कातडीचें काय होतें, हें कोणाहि पशुवैद्यास विचारावें. गोचिडांचें तर नांवच काढूं नये.

शिवाय मावळांत बिबट्या आहे, आणि त्यास कुत्रें फार आवडतें. हा विनोद नव्हे. अकोले तालुक्याच्या शेतशिवारांत डॉ. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें, वजनाच्या हिशेबानें बिबट्याच्या भक्ष्यांत पाळीव व गांवठी कुत्र्यांचा वाटा सुमारें ३९ टक्के, म्हणजे इतर कोणत्याहि जनावराहून अधिक निघाला. अकोल्यापासून मावळापर्यंत सह्याद्रीचा पूर्व उतार एकच आहे. गांवचें कुत्रें हें सारें जन्मतः जाणून असतें. दिवेलागणीनंतर तें पडवीच्या आंत सरकतें. सोफ्यावर वाढलेल्या लॅब्रॅडॉरला हें शिकविणार कोण?

परंतु पाऊस आणि बिबट्या हे क्षणभर बाजूस ठेवूं. आम्हांस अधिक लाज वाटते ती माळ्याच्या बाबतींत. बंगल्याचा हा माळी किंवा रखवालदार बहुधा शेजारच्या वाडीचा असतो; ज्या जमिनीवर बंगला उभा आहे ती कित्येकदां त्याच्याच आजोबांची असते. त्याच्या पगाराचा आंकडा येथें लिहिण्यासारखा नसतो. अशा माणसाच्या हवालीं, त्यास न विचारतां, एक असें जनावर केलें जातें कीं ज्याच्या महिन्याच्या खाण्याचा खर्च त्याच्या मुलांच्या दुधाहून अधिक आहे. पहिले तीन महिने खाद्याच्या पिशव्या येतात. पुढें त्या कोठें तरी अडतात. जनावर आजारी पडलें तर तळेगांवापर्यंत गाडीनें कोण नेणार, आणि मेलें तर साहेबांस काय सांगावयाचें, ही चिंता त्याची.

पवनेच्या कांठावरील एका बंगल्यांत अशी एक कुत्री आम्हीं पाहिली. तिचें नांव काय, असें आम्हीं रखवालदाराच्या बायकोस विचारलें. ती म्हणाली, "नाव विंग्रजी हाये, मला न्हाई घेता येत. आमी तिला बाळी म्हनतो. दोन वर्सं झाली. गाडी वाजली की फाटकापाशी जाऊन बसती. गाडी कुणाची का असंना." त्या बाईनें घरच्या दुधांतलें दूध घालून तें जनावर जगविलें होतें. दिवाळीस मालकांचा फोन येतो, कुत्रीची चौकशी होते आणि तिचा फोटो मागविला जातो, असेंहि तिनें सांगितलें. तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. म्हणूनच ती आम्हांस करावी लागत आहे.

आतां सिद्धान्त्यांचा मुख्य आधार. "आमची फार इच्छा होती हो, पण तिकडचे कायदे कडक." कायदे कडक आहेत, हें खरें. परंतु ते दुर्घट नाहींत. ते केवळ वेळखाऊ आहेत, आणि हा भेद ज्यास कळला त्याचें निम्में काम झालें. कुत्र्याच्या कातडीखालीं तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप बसवावी लागते. तिच्यांत पंधरा अंकी क्रमांक असतो. त्यानंतर रेबीजची लस टोचावयाची. "त्यानंतर" हा शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावा. चिप बसविण्यापूर्वीं दहा वर्षें दरसाल न चुकतां लस टोचली असली तरी ती हिशेबांत धरली जात नाहीं. ती याच कुत्र्यास टोचली कशावरून, असें परदेशचा अधिकारी विचारतो, आणि त्याचें विचारणें तर्काला सोडून नाहीं. लसीनंतर निदान तीस दिवसांनीं रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत पाठवावयाचें; त्यांत रोगप्रतिकारक द्रव्याचें प्रमाण दर मिलिलिटरास अर्धा आंतरराष्ट्रीय एकक तरी भरलें पाहिजे. युरोपीय संघांतील देश आणि ब्रिटन हे भारतांतून येणाऱ्या कुत्र्या-मांजरांस रक्त काढल्यापासून आणखी तीन महिने थांबावयास लावतात. जपान तर १८० दिवस थांबवितो. अमेरिकेनें १ ऑगस्ट २०२४ पासून आपले नियम कडक केले. कुत्र्यांच्या रेबीजचा अधिक धोका असलेल्या देशांच्या तिच्या यादींत भारत आहे. म्हणून सहा महिन्यांहून लहान पिल्लूं तेथें जाऊं शकत नाहीं. येथें लस टोचलेल्या कुत्र्याचें रक्त प्रवेशाच्या निदान अठ्ठावीस दिवस आधीं काढलेलें असावें लागतें, नाहीं तर तितके दिवस त्यास वेगळें कोंडतात. आणि उतरावयाचें तेंहि ठराविक विमानतळांवरच. जर्मनीस जावयाचें तर या सगळ्याची बेरीज चार महिन्यांच्या वर जाते, जपानला सातांच्या वर. शेवटच्या आठवड्यांत पशुवैद्याचा दाखला आणि सरकारी पशु-क्वारंटाइन कार्यालयाची मुंबईंतून निर्यातीची परवानगी, एवढीच घाई असते.

ज्या घरांत नोकरीच्या पत्राची वाट वर्षभर पाहिली जाते त्या घरास चार महिने सांपडत नाहींत, हें आम्हांस पटत नाहीं. चिप बसविण्यास पांच मिनिटें लागतात. रक्तपरीक्षा एकदां उतरली आणि पुढील लसी वेळेवर पडत राहिल्या, तर युरोपच्या नियमांप्रमाणें ती पुन्हां करावी लागत नाहीं. म्हणजे नोकरी ठरण्यापूर्वीं, नुसता विचार मनांत येतांच, हें काम उरकून ठेवतां येतें. मुलाची जर्मन भाषेची शिकवणी आपण असाच विचार मनांत येतांच लावतों कीं नाहीं?

या नियमांवर रागावण्याचा अधिकारहि आम्हांस फारसा नाहीं. पास्तरनें १८८५ सालीं या रोगावरील लस माणसावर यशस्वी करून दाखविली, तरी आजहि आपल्या देशांत दरसाल हजारों माणसें कुत्र्याच्या चाव्यानें तडफडून मरतात. ब्रिटननें हा रोग १९०२ पर्यंत आपल्या बेटांतून घालविला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, बाहेरून आलेल्या कुत्र्यांबरोबर तो परतला. १९२२ सालीं पुन्हां निपटावा लागला. त्या देशानें शतकभर बाहेरच्या प्रत्येक कुत्र्यास सहा महिने सरकारमान्य कोंडवाड्यांत ठेवलें. खंडाळ्यास हवा खाऊन मायदेशीं निघालेल्या बड्या साहेबाच्या कुत्र्यासहि तो कोंडवाडा चुकत नसे. २००० सालीं चिप, लस आणि रक्तपरीक्षा यांच्या आधारावर ती अट प्रथम शिथिल झाली. ज्यास आमचे लोक जाच म्हणतात ती वस्तुतः शंभर वर्षांनीं मिळालेली सवलत आहे.

कांहीं दयाळू मंडळी म्हणतात कीं बारा-पंधरा तास विमानाच्या पोटांत कोंडून नेणें हेंच क्रौर्य होय. विमानाच्या ज्या कप्प्यांत जनावरें नेतात तेथें हवेचा दाब आणि तपमान राखलेलें असतें. पिंजरा असा असावा लागतो कीं जनावरास आंत उभें राहतां यावें, वळतां यावें, पसरतां यावें. तो दोन महिने आधीं घरांत आणून त्यांत त्याचें अंथरूण घातलें, तर प्रवासाच्या दिवशीं तें आपल्याच खोलींत बसून जातें. प्रवासाचा त्रास होत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तो एका दिवसाचा असतो. फाटकापाशीं बसण्याचा असा हिशेब करतां येत नाहीं.

खर्चाचा आक्षेप त्याहून प्रामाणिक आहे. खर्च बहुधा माणसाच्या तिकिटाहून अधिक येतो. तो ज्यास झेपत नाहीं त्यानें तसें सांगावें. त्यांत कमीपणा नाहीं. परंतु ज्या देशांत माणसांस पोटभर मिळत नाहीं तेथें कुत्र्यासाठीं लाखांची उधळपट्टी ही चैन आहे, असें तत्त्वज्ञान जेव्हां ऐकूं येतें, तेव्हां आम्ही विचारतों: मग तीच चैन मावळांतल्या माळ्याच्या अंगावर कां घातली?

महाभारताच्या सतराव्या पर्वांतली कथा आमच्या वाचकांस सांगावयास नको. युधिष्ठिरासाठीं स्वर्गांतून रथ आला तेव्हां इंद्रानें कुत्र्याविषयीं जें जें सांगितलें, तें आजच्या विमानकंपनीच्या उत्तराहून फार निराळें नव्हतें: अशांस स्वर्गांत जागा नाहीं, कुत्रें बाळगणाऱ्याचें पुण्य क्रोधवश नांवाचे देव हरण करतात, आणि भावांस व द्रौपदीस वाटेंत टाकून आलास तर या श्वानाचाच एवढा मोह कां? युधिष्ठिराचें उत्तर नीट वाचण्यासारखें आहे. भाऊ आणि पत्नी मरून पडले होते. ते जिवंत असतांना मीं त्यांस टाकलें नाहीं, असें तो म्हणतो. हिमालयांत मोकळ्या हवेची कांहीं टंचाई नव्हती. त्यास तो युक्तिवाद सुचला नाहीं, इतकेंच. आम्ही मात्र दत्ताच्या तसबिरींतील चार कुत्र्यांस हळदकुंकू वाहतों, आणि रायगडावरील वाघ्याच्या पुतळ्यावरून, तो हलविला गेला आणि पुन्हां बसविला गेला तेव्हां, महिनोगणती हातघाईवर येतों. वाघ्या इतिहासांत होता किंवा नव्हता. दाराशीं बसलेलें कुत्रें मात्र निश्चित आहे.

ज्यांस खरोखरच नेतां येत नाहीं असेहि लोक आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड भारतांतून थेट कुत्रें येऊं देत नाहींत. आधीं एखाद्या मान्य देशांत त्यास कित्येक महिने ठेवावें लागतें. पग किंवा बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींस उन्हांत आणि विमानांत श्वासाचा धोका असतो. पुष्कळ कंपन्या त्यांस घेतच नाहींत. चौदा वर्षांचें, हृदयविकार जडलेलें कुत्रें पिंजऱ्यांत घालणें आम्हांसहि मान्य नाहीं. मांजराचें थोडें वेगळें आहे. तें माणसांइतकेंच, कांहीं म्हणतात माणसांहून अधिक, घराला लागलेलें असतें, आणि घर विकलें न जातां आजी-आजोबा मागें राहत असतील तर त्यास तेथेंच ठेवण्यांत शहाणपण असूं शकतें. अशांनीं बंगला शोधूं नये, माणसें शोधावींत. तींहि सहा महिने आधीं. कुत्र्यास त्यांच्या घरीं प्रथम एक दिवस, मग आठवडा ठेवून पाहावें. लसींचे कागद आणि खाण्याच्या संवयी लिहून द्याव्यात. बंगल्यावरच्या माळ्याच्या घरास तें जनावर हवें असेल तर उत्तमच. परंतु त्यास हें विचारावें, आणि नाहीं म्हटल्यास नोकरी जाणार नाहीं अशा रीतीनें विचारावें. हो म्हणाला तर खाण्याचे व औषधाचे पैसे पगाराहून वेगळे, दरमहा, कुत्रें जिवंत असेतों पाठवावेत.

कायद्याकडून या बाबतींत फारशी अपेक्षा ठेवतां येत नाहीं. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या अकराव्या कलमांत, वाजवी कारणाशिवाय जनावरास भूक-तहानेच्या यातना होतील अशा स्थितींत सोडून देणें हा गुन्हा ठरविला आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये. परदेशीं गेलेल्या मालकास त्या पन्नास रुपयांचेंहि भय नाहीं, कारण त्याचें कुत्रें उपाशी राहिलेलें नसतें. माळ्याच्या बायकोनें त्यास भाकरी घातलेली असते.