उरलेल्या गोळ्या

"दोन दिवसांत ताप उतरला डॉक्टर, म्हणून उरलेल्या गोळ्या ठेवून दिल्या," असे सांगणारा रुग्ण माझ्या दवाखान्यात अधूनमधून येतोच. अशा वेळी मला ऑक्सफर्डचा एक पोलीस आठवतो.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये बुरशीत पेनिसिलिन सापडले. पुढे ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि सहकाऱ्यांनी ते औषध म्हणून तयार केले. फेब्रुवारी १९४१ मध्ये ते जंतुसंसर्गाने मरणपंथाला लागलेल्या या पोलिसाला टोचले. काही दिवसांतच त्याला उतार पडला. पण औषध संपले! त्याच्या लघवीतून पेनिसिलिन काढून पुन्हा टोचले, तरी पुरले नाही. मार्चमध्ये तो दगावला.

त्याला औषध पुरले नाही. आपण हातातले अर्धवट टाकतो. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद देईनासे होतात, हा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. साध्या सर्दी-पडशावर तर प्रतिजैविके चालतच नाहीत. तो विषाणूंचा आजार.

तेव्हा वाचकहो, ही औषधे डॉक्टरांनी दिली तरच आणि सांगितली तितके दिवस घ्या. उरलेली गोळी शेजाऱ्याला देणे हा शेजारधर्म नव्हे.