विश्लेषण : दोन महिन्यांच्या रानभाजीला फुटपाथवर जागा आहे का?

पावसाला सुरुवात झाली की शेवळं, टाकळा, कुर्डूच्या जुड्या घेऊन आदिवासी महिला भाईंदर, मिरारोडच्या फुटपाथवर बसतात. २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. शेतकऱ्याला थेट विक्रीची वाट मोकळी झाली. पण बसायचे कुठे? २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्री प्रमाणपत्रासाठी ‘उपजीविकेचे दुसरे साधन नाही’ अशी हमी द्यावी लागते. एरवी शेती-मजुरी करणारी बाई ती कशी देणार? सर्वेक्षण किमान पाच वर्षांतून एकदा. ते उन्हाळ्यात झाले तर तिची नोंदच होत नाही. कलम ६ मध्ये स्थिर आणि फिरत्या विक्रेत्यांशिवाय तिसऱ्या वर्गाची सोय आहे. राज्याच्या योजनेत तिथे ‘हंगामी’ हा शब्द घालता येतो.