लाक्षणिकतेत हरवलेला सत्याग्रह

दुपारी निदर्शने, लगोलग अटक आणि सूर्यास्तापूर्वी सुटका, हा आता चळवळींचा शिरस्ताच होऊन बसला आहे. वृत्तपत्रात छायाचित्र येते. शासनाचे मात्र काहीच अडत नाही. यालाच सत्याग्रह म्हणण्याची सवय जडली असेल, तर त्यामागील मूळ विचार पुन्हा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

सत्ता जेवढी बंदुकीवर उभी असते, त्याहून अधिक प्रजेच्या सहकार्यावर उभी असते, हे गांधीजींचे मूलभूत प्रमेय होय. १९३० साली त्यांनी मिठाचा प्रश्न निवडला तेव्हा अनेक जाणत्यांना तो क्षुल्लक वाटला. परंतु मीठकराचा बोजा श्रीमंतापेक्षा गरिबाच्या तुटपुंज्या मिळकतीवर कितीतरी अधिक पडत होता, आणि तो कायदा मोडण्यास ना शस्त्र लागत होते, ना विद्वत्ता. गांधीजी १२ मार्चला ७८ सहकाऱ्यांसह साबरमतीहून निघाले. त्याआधीच, २ मार्चला, त्यांनी व्हाइसरॉयला आपला बेत पत्राने कळविला होता. मे महिन्यात धारासण्याला स्वयंसेवकांनी लाठ्या झेलल्या, पण हात उगारला नाही. त्याच महिन्यात कोकणात शिरोड्याची मिठागरेही सत्याग्रहींनी गाजविली. त्या लढ्यात ६०,०००हून अधिक माणसे तुरुंगात गेली. मीठकर रद्द झाला नाही. परंतु मार्च १९३१मध्ये व्हाइसरॉयला गांधीजींशी समोरासमोर बसून करार करावा लागला.

हा सारा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. पण नोव्हेंबर २०२०मध्ये दिल्लीच्या सीमांवर ठाण मांडलेल्या शेतकऱ्यांनी वर्षभर थंडी, ऊन, पाऊस सोसला. गावांनी आळीपाळीने माणसे पाठविली, शिधा पुरविला. २६ जानेवारी २०२१ रोजी लाल किल्ल्यावर हिंसाचार झाला, तेव्हा आंदोलनाची नैतिक पुंजी एका दिवसात धोक्यात आली. शांततेच्या मार्गावर परतल्यानेच ते तगले. अखेर २९ नोव्हेंबर २०२१ रोजी संसदेने तिन्ही कृषी कायदे मागे घेतले.

अहिंसा कालबाह्य झालेली नाही. तिची किंमत मोजण्याची तयारी मात्र आटली आहे. पुढील मोर्चाची तारीख ठरविण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी दोनच प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे द्यावीत: अन्यायाला दिलेले कोणते सहकार्य आपण काढून घेणार आहोत? आणि सायंकाळी सुटका झाली नाही, तर आपल्यापैकी किती जण दुसऱ्या दिवशीही तेथेच असतील?