जुन्या वस्तूचा दाखला

‘जुने ते सोने’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहे, की तिच्यात दडलेली अट सहसा लक्षात येत नाही. सोने तरी नुसत्या रंगावरून कोण स्वीकारतो? सोनेतारण कर्जासाठी बँकेत आणलेला दागिना आधी मूल्यांकनकाराच्या हाती जातो, कसोटीवर घासला जातो, तोलला जातो; रक्कम त्यानंतरच ठरते. जुन्या वस्तूंची हौस बाळगणाऱ्यांनी आणि त्या विकावयास काढणाऱ्यांनीही ही शिस्त अंगी बाणवणे अगत्याचे झाले आहे.

बंगळूरमधील कोरमंगला ही वसाहत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी येथे उभारलेले क्रीडाग्राम पुढे निवासी संकुल झाले. माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांमुळे देशभरातील कुटुंबे या भागात आली. त्यांत मराठी कुटुंबेही आली. नोकरी बदलली की बिऱ्हाड हलते, जुना बंगला पाडून तेथे इमारत उभी राहते, मुले परदेशी स्थायिक होतात. अशा प्रत्येक वेळी आजीचा पानाचा डबा, अडकित्ता, पितळी समई, आजोबांचे किल्लीचे घड्याळ यांचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. काही वस्तू शेजारीपाजारी विकल्या जातात, उरलेल्या ‘गुजरी’त जातात. मराठीत गुजरी म्हणजे बाजार. कन्नडमध्ये मात्र त्याच शब्दाने भंगारमालाचे दुकान ओळखले जाते. पुण्यात जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, तसा बंगळुरात चिक्कपेट आणि अव्हेन्यू रस्त्याच्या परिसरात रविवारचा बाजार. भल्या पहाटे तेथे पोहोचणारे हौशी ग्राहक अशाच वस्तूंच्या शोधात असतात.

या शोधामागे एक स्वप्न असते. इंग्लंडमध्ये लोक घरातील नकोशा वस्तू मोटारीच्या डिकीत भरून मैदानात नेतात व तेथेच विकतात. १९८० च्या दशकात लंडनमधील अशाच एका बाजारात दहा पौंडांना घेतलेली अंगठी अनेक वर्षे रोजच्या वापरात होती. तिचा खडा २६ कॅरटचा हिरा असल्याचे पुढे निष्पन्न झाले आणि २०१७ साली लिलावात तिला साडेसहा लाख पौंडांहून अधिक किंमत आली. अशा कथा झपाट्याने पसरतात. तथापि अंगठीचे मोल नशिबाने ठरले नाही, ते जाणकारांच्या तपासणीने ठरले, हे सांगावयाचे राहून जाते.

तपासणीवाचून केलेली खरेदी बहुधा फसगतीतच संपते. एका बाजूस रामदरबार वा हनुमान, दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ हे वर्ष असलेली ‘नाणी’ जुन्या बाजारांत सर्रास दिसतात. कंपनीने असे नाणे कधीच चलनात आणले नव्हते. नव्या भागांची जुळणी करून ‘जुने’ म्हणून विकले जाणारे ग्रामोफोनही तसेच. जुन्या नोटा व नाणी भरमसाट किमतीस विकून देतो असे सांगून आधी शुल्क उकळणाऱ्यांनी तर रिझर्व्ह बँकेचेच नाव वापरले. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर करावे लागले, की असे व्यवहार ती करीत नाही, त्यासाठी शुल्क आकारीत नाही आणि तसा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही.

मग जुन्या वस्तूचे खरे मोल कशात असते? याचे बोलके उत्तर बंगळुरातच आहे. नोटांचे नामवंत संग्राहक रिझवान रझाक यांना लहानपणी आजोबांच्या संग्रहातील काही भारतीय नोटा पाहावयास मिळाल्या. त्यांवर पाकिस्तानचे नाव छापलेले होते आणि ‘पाकिस्तानी नोट, रक्कम नाकारली’ अशा अर्थाचा शिक्का होता. फाळणीनंतर काही काळ रिझर्व्ह बँक पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. ही व्यवस्था ३० जून १९४८ पर्यंत चालली. त्या देशासाठी वेगळे नाव छापलेल्या नोटा भारतात वटत नसत. म्हणजे व्यवहारात ज्याची किंमत शून्य ठरली, तेच कागद इतिहासाचे साक्षीदार ठरले. त्या कुतूहलातून वाढलेल्या संग्रहाचे संग्रहालय २०२० साली बंगळुरात उभे राहिले.

पुण्याचे दिनकर गंगाधर केलकर यांची दृष्टीही हीच होती. दिवे, अडकित्ते, दौती, भांडी अशा साध्या घरगुती वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या. दिवंगत पुत्र राजा याच्या नावाने उभारलेला हा सुमारे वीस हजार वस्तूंचा संग्रह त्यांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. लोकांनी टाकून दिलेले त्यांनी जपले, कारण त्यांत त्यांना लोकजीवन दिसले.

बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर, मालकीहक्काची साखळी पूर्ण नसलेल्या घरावर कर्ज मिळत नाही. जुन्या वस्तूचेही तसेच आहे. ती कोणाची, कोठून आली, कशासाठी वापरली जाई, हे ठाऊक असेल तर ती वारसा ठरते. नसेल तर तिच्या धातूचे वजन तेवढे उरते. कायद्यालाही ही साखळी हवी असते. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती वा चित्र, तसेच जुने सचित्र हस्तलिखित यांची नोंदणी आवश्यक असते. पुरावशेषांचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी निघालेल्या कुटुंबाने सामान बांधण्यापूर्वी हे जाणून घेतलेले बरे. जुन्या कपाटात २०१६ साली रद्द झालेल्या नोटा सापडल्या, तरी दहापेक्षा अधिक बाळगणे २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे. अभ्यास वा संग्रहासाठी ही मर्यादा पंचवीसची आहे.

सदनिका लहान, सारे कोठे ठेवावयाचे, हा आक्षेप रास्त आहे. प्रत्येक घराने संग्रहालय व्हावे असे कोणी म्हणणार नाही. वस्तू अवश्य विकावी, परंतु मुकी करून विकू नये. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना विचारून एका कागदावर चार ओळी लिहाव्यात, एक छायाचित्र काढावे आणि तो कागद वस्तूसोबत द्यावा. विकत घेणाऱ्यानेही भाव करण्याआधी हीच चौकशी करावी आणि शक्य तेथे पावती घ्यावी. या कामास खर्च जवळजवळ नाही. मात्र त्यास विलंब चालत नाही. वस्तू उद्याही मिळेल, तिची हकीकत सांगणारे माणूस उद्या असेलच असे नाही.