नाचणी अंतराळात जाईल हो, आधी डोंबिवलीच्या ताटात येऊ द्या

आजची नोंद जरा तिखट आहे.

हल्ली भरडधान्यावर भाषण असलं की एक वाक्य हमखास येतं: हे उद्याचं अन्न, पृथ्वीवर चालेल आणि अंतराळातही. टाळ्या पडतात. मग चहाबरोबर मैद्याची बिस्किटं येतात.

गुण खोटे नाहीत. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात 10 सुद्धा नाही. दाणा बारीक, कीड सहसा लागत नाही, नीट वाळवून ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. थोड्या जागेत मावणारं, टिकणारं, पोटाला धरणारं. यानात न्यायला आणखी काय पाहिजे? 2025 मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा मूग आणि मेथी तिथे रुजवून पाहिली. उद्या नाचणीही रुजवतील. आनंदच आहे.

माझं भांडण खालचं आहे. आमच्या मुरबाड-शहापूरकडे वरकस जमीन आहे. भाताचं पाणी तिथे थांबत नाही. भातसा धरण शहापुरात, पाणी मुंबई-ठाण्याला. उतारावर भरवसा फक्त पावसाचा. तिथे राब भाजून, रोप करून, वाकून वाकून लावणी करून नाचणी आणि वरी पिकते. 'उत्पादन कमी येतं, भात का नाही लावत?' असं विचारणाऱ्याने एकदा तो उतार चढून बघावा.

2023 साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. प्रस्ताव आपल्याच देशाचा. साल संपलं, बॅनर उतरले. 2025-26 ला नाचणीचा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये होता, साध्या भाताचा 2,369. कागदावर नाचणी दुपटीनं वर. पण खरेदी जवळ नसली तर दोन पोतीवाला शेतकरी भाडं भरून कुठे जाणार? दारात आलेल्या व्यापाऱ्यालाच देतो, तो म्हणेल त्या भावाला. आणि वरी? केंद्राच्या हमीभावाच्या यादीत तिचं नावच नाही.

'शहरात हे कोण खातं?' असंही ऐकवतात. अहो, एकादशीला डोंबिवलीत घरोघरी भगर शिजते. ती वरीच. बाळाला वरचं अन्न सुरू करताना नाचणीचं सत्त्वच आठवतं. खाणारे आहेतच. मधली वाट तेवढी लांब आहे. वरीचं टरफल घट्ट, घरी कांडायचं म्हणजे बायांचे हात सोलतात. भगरीच्या मिली नाशिकला. म्हणजे दाणा डोंगरावरून घाट चढून जाणार, पाकिटात बसून कल्याणला येणार, आणि पाकिटावरच्या भावात पिकवणाऱ्याचा वाटा किती, ते तुम्हीच हिशोब करा.

तोवर शेजारची वरकस प्लॉटवाल्यांच्या हातात जाते. एकदा कुंपण पडलं की बियाणंही गेलं. घरात दोन वर्षं पेरलं नाही, तर तिसऱ्या वर्षी मागायचं कोणाकडे?

म्हणून मागणं साधं आहे. तालुक्याला वरी सडायचं यंत्र द्या. मळणी झाली की आठवडी बाजारातच वजनकाटा लावून हमीभावानं खरेदी करा. अंगणवाडीत आणि शाळेच्या जेवणात नाचणी द्या, ती इथलीच असू द्या.

आणि शहरातल्या मंडळींनो, 'नाचणी बिस्कीट' घेताना पाकीट उलटं करून बघा, यादीत पहिलं नाव मैद्याचं तर नाही ना. त्यापेक्षा सोसायटीतली दहा घरं मिळून एक पोतं थेट गावातून घ्या. आसनगाव ते डोंबिवली लोकलनं तासाभराची वाट.

यानाला मूठभर नाचणी पुरेल. आमची वरकस राखायला मात्र तुमच्या ताटात आठवड्याला चार भाकऱ्या लागतील.