खडी होण्याआधी नोंद हवी

पेग्मटाइट या भरड खडकातले ट्रिफिलाइट हे लिथियम-लोहाचे फॉस्फेट खनिज हवापाण्याने बदलते, लिथियम गमावते आणि जांभळे हेटेरोसाइट बनते. जालन्याच्या काळ्या पाषाणात लिथियमचे फॉस्फेट नाही, पण बदलाचा न्याय तोच. हा पाषाण ज्यातून घडला त्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनी लाव्हात वायूच्या पोकळ्या राहिल्या. झिरपत्या पाण्याने खडकातली द्रव्ये विरघळवून तिथे झिओलाइट खनिजांचे स्फटिक घडवले. बदललेले म्हणजे बिघडलेले नव्हे. हे स्फटिक म्हणजे पाण्याची आणि तापमानाची नोंदवही असते. खडीच्या खाणीत सुरुंग उडाला की तिची पाने फाटतात. रस्त्यांना खडी लागणारच, हा आक्षेप रास्त आहे. मात्र खाणी बंद करा, अशी मागणीच नाही. थराची जागा व खोली टिपून निवडक नमुने जवळच्या महाविद्यालयात ठेवावेत, एवढी अट परवान्यात घालणे अवघड नाही.